साभार परत : मुक्तद्वार नियतकालिकाच्या नीतीविषयी

१

मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात दोन शब्दप्रयोग दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले. एक 'साभार पोच' आणि दुसरा 'साभार परत'. पहिला अंकाच्या अखेरच्या पानांवर छापला जाई. अमुक पुस्तके अभिप्रायार्थ मिळाली, एवढेच त्यात नोंदवलेले असे. दुसरा छापला जात नसे. लेखकाने स्वतःच तिकिटे लावून जोडलेल्या पाकिटातून तो लेखकाच्या घरी परत येई. पोच सार्वजनिक होती, नकार खासगी होता. तरीही नियतकालिकाची प्रतिष्ठा घडली ती या न छापलेल्या शब्दांवर. अंकात काय आले हे वाचकाला दिसत असे. काय येऊ दिले नाही हे दिसत नसले, तरी आलेल्या मजकुराच्या गुणवत्तेवरून त्याचा अदमास लागत असे.

विनोदी लेखनाने 'साभार परत'ची थट्टा पुष्कळ केली आहे. पण त्या थट्टेतही एक गोष्ट गृहीत धरलेली असे : संपादकाला नकार देणे परवडत होते. ते का परवडत होते, याचे उत्तर त्याच्या अभिरुचीत जितके सापडते तितकेच नियतकालिकाच्या हिशेबाच्या वहीत सापडते. पैसा वर्गणीदाराकडून येई, क्वचित जाहिरातदाराकडून वा अनुदानातून, आणि तूट आली तर ती प्रकाशनसंस्था किंवा एखादे विश्वस्त मंडळ सोसत असे. लेखकाकडून काही घ्यायचे नव्हते; जमल्यास त्याला मानधन द्यायचे होते. त्यामुळे परत गेलेल्या लेखाने संपादकाचे नुकसान होत नसे, झालाच तर लाभ होत असे.

आज विद्यापीठीय नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर 'प्रकाशनधोरण' आणि 'नैतिक मानदंड' या शीर्षकांची स्वतंत्र पाने असतात. त्यांची भाषा बहुतेक ठिकाणी सारखीच असते. अनेकदा ती एका पानावरून दुसऱ्या पानावर जशीच्या तशी आलेली असते, आणि वाङ्मयचौर्याविरुद्धचा परिच्छेदच उसना असावा यातला उपरोध कोणाच्या ध्यानात येत नाही. या पानांवरील तपशिलांचा पसारा बाजूला सारला, तर खाली तीनच प्रश्न उरतात. नकार देण्याचे सामर्थ्य कोणाकडे आहे? ते कोणाच्या पैशावर उभे आहे? आणि ते कोणाला उत्तर देण्यास बांधलेले आहे? मुक्तद्वार नियतकालिकाची नीती या तीन प्रश्नांच्या बाहेर फारशी जात नाही.

२

'ओपन ॲक्सेस' या कल्पनेला नाव आणि व्याख्या मिळाली ती बुडापेस्ट येथील निवेदनातून. डिसेंबर २००१ मध्ये तेथे भरलेल्या बैठकीतून ते आकाराला आले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये बेथेस्डा आणि बर्लिन येथील निवेदनांनी त्याला पुष्टी दिली. त्यामागचा विचार सरळ होता. संशोधक आपला लेख नियतकालिकाला मोबदल्याशिवाय देतो. त्याचे परीक्षण करणारा अभ्यासकही मोबदला घेत नाही. संगणकजाळ्यामुळे प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे. मग वाचकाच्या वाटेत किमतीची भिंत का असावी?

मराठीत या कल्पनेसाठी 'मुक्त प्रवेश' आणि 'मुक्तद्वार' असे दोन शब्द वापरता येतात. त्यांतला दुसरा अधिक बोलका आहे, कारण त्याच्याबरोबर अन्नछत्राची आठवण येते. मुक्तद्वार अन्नछत्रात जेवायला कोणीही यावे. याचा अर्थ मुदपाकखान्यात कोणीही शिरावे असा होत नाही, आणि शिधा कोठून येतो हा प्रश्नही त्यामुळे मिटत नाही. उलट पंगतीला कोण बसणार हे ठाऊक नसल्यामुळे शिजवणाऱ्यावरची जबाबदारी वाढते.

वाचकाच्या बाजूने पाहता या दाराचे मोल मोठे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवत असताना प्रबंध लिहिणारी अभ्यासक, नोकरी नसलेला पदव्युत्तर विद्यार्थी, कोणत्याही संस्थेशी संबंध नसलेला हौशी संशोधक, यांना परदेशी नियतकालिकातील एका लेखाची किंमत महिन्याच्या पुस्तकखर्चाहून अधिक वाटते. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा विस्तार आहे. या योजनेने भिंत पाडली नाही. सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी भिंतीला एक मोठे फाटक बसवले. मराठीत मराठीविषयी जे लिहिले जाते त्याचा प्रश्न तर या फाटकापाशी येतच नाही. तो मराठी नियतकालिकांनाच सोडवावा लागणार आहे.

वाचकाकडून पैसा घ्यायचा नाही असे ठरले की तो कोठून तरी आणावा लागतो. जगभरातील मोठ्या प्रकाशकांनी तो लेखकाकडून, म्हणजे लेखकाच्या संस्थेकडून किंवा संशोधननिधीतून घेण्याची पद्धत रूढ केली. लेख स्वीकारला गेला की प्रकाशन-शुल्क. या एका बदलाने 'साभार परत'चे अर्थशास्त्र उलटे झाले. पूर्वी नकार फुकट होता. आता प्रत्येक नकार म्हणजे बुडालेले शुल्क. पूर्वी स्वीकाराला खर्च येत असे. आता स्वीकार हेच उत्पन्न. अशा हिशेबात 'साभार परत' क्षीण होणार आणि 'साभार पोच' तेवढी उरणार, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. लेख मिळाला, शुल्क मिळाले, लेख प्रसिद्ध झाला.

जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या स्थितीचा एक प्रत्यक्ष दाखला मांडला. दगडफुलाच्या जातकुळीतील एका द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असे सांगणारा आणि उघड चुकांनी भरलेला बनावट लेख त्याने शुल्क घेणाऱ्या ३०४ मुक्तद्वार नियतकालिकांकडे धाडला होता. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला, ९८ नियतकालिकांनी नाकारला. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांची अशीच परीक्षा त्याने घेतली नव्हती, हा त्यावरचा आक्षेप योग्य होता. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकांना तर त्याआधीचे उदाहरण विसरता येणार नाही. १९९६ मध्ये ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाचा बनावट लेख 'सोशल टेक्स्ट'ने छापला, तेव्हा ते नियतकालिक कागदावर निघत होते, वर्गणीवर चालत होते आणि एका मान्यवर विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेचे होते. बाहेरच्या तज्ज्ञाकडून परीक्षण करून घेण्याची पद्धत मात्र त्या वेळी तेथे नव्हती. तात्पर्य, फसवणूक मुक्त दारातूनच शिरते असे नाही. जेथे कोणाला तरी नकार देण्याची इच्छा, सवड किंवा ऐपत राहिलेली नसते, तेथून ती शिरते. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक शोधलेख मागे घेतले गेले आणि त्यांतील आठ हजारांहून अधिक 'हिंदावी' या एकाच मुक्तद्वार प्रकाशनसमूहाचे होते. वेळेवर न दिलेला नकार पुढे घाऊक प्रमाणात द्यावा लागला, एवढाच त्याचा अर्थ.

३

भारतात या अर्थशास्त्राला प्रशासकीय इंधन मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जून २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या 'एपीआय' गुणांशी बांधल्या. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधलेख प्रसिद्ध झालेला असावा अशी अट घातली; नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती वगळली. २०१८ च्या नियमांतील कोष्टकात भाषा व मानव्यविद्यांतील एका शोधलेखाला दहा गुण आहेत. लेख हे विचाराचे रूप आहे की गुणांचे एकक, हा प्रश्न या व्यवस्थेने न विचारताच निकालात काढला.

येथे लेखकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या अध्यापकाला मुलाखतीपूर्वी दोन लेखांची गरज असते. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एका नियतकालिकात परीक्षणाला आठ-दहा महिने लागतात आणि नकाराची शक्यता मोठी असते. दुसऱ्यात ठरावीक रक्कम भरली की पंधरा दिवसांत लेख आणि वर प्रमाणपत्र मिळते. दुसरी वाट धरणारा नीतिमान ठरत नाही, हे खरे. पण पहिली वाट अशक्य करून ठेवणारी व्यवस्था त्याच्या आधी दोषी ठरते, हेही तितकेच खरे.

या गोंधळावर उपाय म्हणून आयोगाने याद्या केल्या. २०१७ च्या मान्यताप्राप्त यादीत तीस हजारांहून अधिक नियतकालिके होती. मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ वगळण्यात आली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या गटातील १,००९ नियतकालिके त्यांनी मूलभूत निकषांवर तपासली. त्यांतील ११२ टिकली. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'केअर' या नव्या व्यवस्थेची घोषणा झाली, २०१९ मध्ये तिची यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. आता नियतकालिकांच्या निवडीसाठी काही सूचक निकष तेवढे आहेत आणि निर्णयाची जबाबदारी संस्थांवर व अभ्यासकांवर आली आहे.

यादीच्या या अल्प इतिहासातील एक प्रकरण साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. यादीत नाव असलेल्या नियतकालिकांची बनावट संकेतस्थळे निघाली. तेच नाव, तोच आयएसएसएन क्रमांक. संपादक मात्र भलताच आणि लेख छापण्याचा दर ठरलेला. केअरला आपल्या संकेतस्थळावर अशा नियतकालिकांविषयी इशारे प्रसिद्ध करावे लागले. मराठीत यासाठी तयार शब्द आहे : तोतया. पानिपतावर १७६१ मध्ये नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक मनुष्य उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुणे दरबाराला तो प्रश्न पुरला. तोतया निपजण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, ज्याच्या नावावर खूप काही अवलंबून आहे असा माणूस. दुसरी, त्याला प्रत्यक्ष न ओळखणारे पण त्याच्या नावावर विसंबणारे लोक. यादीने या दोन्ही गोष्टी पुरवल्या. नियतकालिक न वाचता केवळ त्याचे नाव यादीशी ताडून पाहण्याची सवय जेथे लागली, तेथे चिन्ह आणि त्याचा निर्देशविषय यांची फारकत आधीच झालेली होती. तोतयाने त्या फटीत बिऱ्हाड थाटले, इतकेच.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली. तीत उत्तम ग्रंथ आहेत आणि सामान्यही आहेत. सूची अस्तित्वाची नोंद करते आणि मूल्यमापन वाचकावर सोपवते. प्रशासकीय यादी याच्या नेमके उलट करते. ती मूल्यमापनाचा भार वाचकाच्या खांद्यावरून उतरवते आणि त्याबरोबर वाचण्याचे कारणही उतरवते. आयएसएसएन क्रमांकाचे असेच झाले. तो केवळ ओळखीचा क्रमांक आहे, तरी मुखपृष्ठावर तो पदकासारखा मिरवतो.

४

यादीची बहीण म्हणजे टक्केवारी. जुलै २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पातळ्या ठरवल्या : दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही, पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांवर पायऱ्या. योग्य रीतीने दिलेली अवतरणे, संदर्भसूची, सर्वपरिचित माहितीची सलग चौदा शब्दांपर्यंतची वाक्ये वगळण्याची तरतूद त्यांत आहे. नियम म्हणून हे वाईट नाही. अडचण येते ती मोजणाऱ्या यंत्राला दिसते काय आणि दिसत नाही काय, येथे.

यंत्र अक्षरांची जुळणी पाहते. संतसाहित्यावरच्या लेखात अभंग भरपूर येणारच. कसूर न केलेल्या अभ्यासकाचा आकडा त्यामुळे फुगू शकतो. उलट इंग्रजी ग्रंथातील एखादे प्रकरण परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत आणले आणि मूळ ग्रंथ तळटीपेत एकदाच उल्लेखून सोडून दिला, तर आकडा शून्याच्या जवळ राहू शकतो. मराठी समीक्षेपुरता हा दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. संरचनावादापासून उत्तर-वसाहतवादापर्यंतचे विचारव्यूह मराठीत प्रामुख्याने परिचयात्मक लेखनातून आले. त्यातील उत्तम लेखनाने परिभाषा घडवली, मराठी संहितांवर त्या संकल्पनांची परीक्षा घेतली. पण परिचय, सारांश, रूपांतर आणि अपहार यांच्या सीमारेषा त्यात नेहमी स्पष्ट राहिल्या असे म्हणता येत नाही. 'आधारित' या शब्दाच्या आडोशाला मराठीत फार मोठी वस्ती आहे. ही सीमारेषा यंत्र आखू शकत नाही. दोन्ही भाषांतील ग्रंथ वाचलेला परीक्षकच ती आखू शकतो.

लेखकत्वाचा प्रश्नही असाच. रोलां बार्थने १९६७-६८ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला आणि मिशेल फूकोने १९६९ मध्ये लेखक म्हणजे काय हा प्रश्न वेगळ्या दिशेने विचारला. लेखनाला लेखकाचे नाव चिकटले ते लेखक शिक्षेला पात्र झाला तेव्हा, हे फूकोचे निरीक्षण वर्गात अनेकदा शिकवले जाते. आज त्याला अनपेक्षित प्रत्यंतर मिळाले आहे. १९९७ मध्ये काही ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी सुरू केलेल्या 'कोप' या प्रकाशननीतीविषयक समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये भूमिका घेतली, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक म्हणून नोंदवता येणार नाही. कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वाक्य कोणी रचले यापेक्षा वाक्याबद्दल कोणाला जाब विचारता येईल, हा लेखकत्वाचा निकष ठरला. मार्गदर्शकाचे नाव सवयीने विद्यार्थ्याच्या लेखावर घालण्याची जी रीत विद्यापीठांतून पसरली आहे, तिलाही हाच निकष लावून पाहावा. लेखातील चुकीबद्दल जाब द्यायला जो पुढे येणार नाही, त्याचे नाव लेखावर असू नये.

५

एवढे म्हटल्यावर नकाराचे गुणगान करून थांबता येत नाही. नकार ही सत्ता आहे, आणि मराठीचा वाङ्मयेतिहास या सत्तेविरुद्धच्या तक्रारींनी भरलेला आहे.

'सत्यकथे'चे उदाहरण या दृष्टीने दुहेरी आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी तेथे संपादनाचा जो आदर्श घालून दिला त्यात लेखकाला लिहिलेल्या सविस्तर पत्रांना मोठे स्थान होते. परत गेलेले लेखन कारणांसह, पुनर्लेखनाच्या सूचनांसह परत जाई. आजच्या भाषेत ज्याला विकसनशील परीक्षण म्हणतात ते हेच. आणि याच 'सत्यकथे'ची १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी होळी केली. त्यांचा आक्षेप नकाराला होता त्याहून अधिक नकारामागच्या अभिरुचीला होता. ती एका वर्गाची असून सार्वत्रिक असल्याचा आव आणते, असे त्यांचे म्हणणे होते. चक्रमुद्रित अंक काढून हातोहात वाटणारी ती मंडळी मुक्तद्वाराची मराठीतील पूर्वसूरी मानायला हरकत नाही. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने तर ज्या लेखनाला इतरत्र दार सापडत नव्हते त्याला स्वतःचे घरच दिले.

त्याही मागे जाता येते. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. सर्वांचे मानवी हक्क मनापासून न मानणाऱ्यांच्या सभेशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा लेखकाने व्यासपीठाला दिलेला 'साभार परत' होता, आणि तोही कारणांसह. मराठी साहित्यव्यवहाराच्या इतिहासात नकाराची नीती शोधायची झाली तर आरंभ येथून करावा लागेल : नकार दोन्ही बाजूंनी देता येतो आणि त्याची कारणे उघड्यावर मांडता येतात.

प्रकाशननीतीच्या नियमावल्यांकडे या इतिहासाच्या उजेडात पाहिले, तर त्यांचा कोरडेपणा थोडा कमी होतो. निकष जाहीर करा, हितसंबंध जाहीर करा, परीक्षणाची पद्धत जाहीर करा, निर्णयावर दाद मागण्याची सोय ठेवा : या मागण्या प्रशासकीय दिसतात, पण नकाराच्या सत्तेला उत्तरदायी करण्याची जुनीच मागणी त्यांत आहे. होळी करणाऱ्यांनी ती रस्त्यावर केली, नियमावली ती कलमांत करते.

मराठीसारख्या आटोपशीर विद्याक्षेत्रात ही कलमे तशीच्या तशी चालत नाहीत, हेही ओळखले पाहिजे. परीक्षक आणि लेखक यांना परस्परांची नावे कळू न देणारे द्विअंध परीक्षण येथे पुष्कळदा नाममात्र असते. मध्ययुगीन गद्यावर किंवा दलित आत्मकथनांच्या कथनमीमांसेवर गंभीरपणे लिहिणारे किती, याची मोजदाद एका बैठकीत होते. दोन परिच्छेद वाचले की शैलीवरून लेखक ओळखू येतो, तीन वाचले की त्याचा मार्गदर्शक. अशा ठिकाणी आंधळेपणाचे सोंग आणण्यापेक्षा काही साध्या गोष्टी अधिक उपयोगाच्या आहेत. मार्गदर्शक-विद्यार्थी, एकाच विभागातील सहकारी, एकाच परीक्षामंडळावरील सदस्य यांनी परस्परांच्या लेखांचे परीक्षण करू नये. संपादकाने व संपादकमंडळातील सदस्याने त्या नियतकालिकात लिहिल्यास त्या लेखाचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा आणि तसे लेखाखाली नोंदवावे. परीक्षकाचा अभिप्राय 'प्रसिद्ध करण्यास हरकत नाही' एवढ्या एका ओळीचा असल्यास तो अभिप्राय समजू नये. आणि निर्णयाला लागणारा काळ जाहीर करून पाळावा. सहा महिने उत्तरच न देणे हाही नकारच असतो, फक्त त्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते.

६

राहिला प्रश्न टिकण्याचा. कागदावरचे नियतकालिक बंद पडले तरी त्याचे अंक उरतात. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये सुरू झाले आणि १९३७ मध्ये थांबले. त्याचे बांधीव खंड आजही जुन्या ग्रंथालयांत पाहता येतात. संकेतस्थळावरचे नियतकालिक बंद पडले की त्याबरोबर त्याचे सर्व मागचे अंकही जाऊ शकतात. २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्तद्वार नियतकालिके संगणकजाळ्यावरून नाहीशी झाल्याची नोंद एका अभ्यासाने २०२१ मध्ये केली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांतील होती. दार मुक्त ठेवण्याच्या प्रतिज्ञेत घर उभे ठेवण्याची प्रतिज्ञा अध्याहृत आहे. मागचे अंक स्वतंत्र भांडारात जतन केले आहेत की नाहीत, हे कलम म्हणून तांत्रिक वाटते; नीती म्हणून ते पहिल्या पंगतीतले आहे.

टिकण्याबरोबर दुरुस्तीचा प्रश्न येतो. सर्वांच्या हाती असलेली संहिता जितकी फिरते तितकी बिघडते, हे मराठीला ज्ञानेश्वरीने शिकवले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि पुढील लेखनिकांनी तीत आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद दिली. दुरुस्ती केल्याचे सांगणे, ती केव्हा केली हे नोंदवणे आणि यापुढे गुपचूप फेरफार करू नये असे बजावणे, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. आजच्या मुक्तद्वार नियतकालिकात चूक आढळली की संकेतस्थळावरची फाइल मुकाट्याने बदलून टाकणे सहज शक्य असते. म्हणूनच तो मोह टाळला पाहिजे. दुरुस्ती तारखेसह लेखाला जोडलेली असावी. मागे घेतलेला लेख पुसून न टाकता 'मागे घेतला आहे' या शेऱ्यासह आणि कारणासह राहावा, कारण तोपर्यंत कोणीतरी त्याचा आधार घेतलेला असतो.

हे सारे कोणाच्या पैशावर करायचे? वाचकाकडूनही नाही आणि लेखकाकडूनही नाही, अशी एक पद्धत जगात मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तिला 'डायमंड' म्हणतात. २०२१ मधील एका पाहणीनुसार अशा नियतकालिकांची संख्या १७,००० ते २९,००० या दरम्यान असावी. त्यांतील अनेक लहान, विद्यापीठांच्या वा विद्वत्संस्थांच्या आश्रयाने चालणारी, आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांतून निघणारी आहेत. मराठीला हे नवे नाही. विद्वत्सभा, साहित्यपरिषदा, महाविद्यालये यांनी तूट सोसून नियतकालिके चालवण्याची परंपरा येथे दीडशे वर्षांची आहे. फरक इतकाच, की ती तूट संपादकाच्या रात्री आणि परीक्षकाच्या सुट्ट्या यांतून भरून निघत आली, आणि कोणत्याही कोष्टकात तिला गुण नाहीत. लेख लिहिणाऱ्याला दहा गुण आहेत. तोच लेख चार वेळा वाचून, दोन ग्रंथालये धुंडाळून, त्यातला एक उसना परिच्छेद शोधून काढणाऱ्या आणि सविस्तर पत्रासह तो परत करणाऱ्या अभ्यासकाला मात्र एकही नाही.

विद्यापीठांना मराठीत विश्वासार्ह मुक्तद्वार नियतकालिके हवी असतील, तर त्यांनी या परत करणाऱ्याच्या वेळेची तरतूद करावी : अध्यापनभारात सवलत, परीक्षणाची सेवानोंद, संपादनासाठी एक पगारी साहाय्यक. अंदाजपत्रकात या रकमा मोठ्या दिसणार नाहीत. ही तरतूद होत नाही तोवर नीतीची पाने संकेतस्थळांवर वाढत राहतील आणि त्यांच्यामागे बसून नकार लिहिणारा मनुष्य दुर्मीळ होत जाईल. केअर यादी आता उरलेली नाही. कोणते नियतकालिक खरे आणि कोणते तोतया, हे पुन्हा एकदा अंक उघडून, वाचूनच ठरवावे लागणार आहे. गैरसोय आहे, यात शंका नाही. पण वाचन हे ज्यांचे काम आहे त्यांनी तिच्याबद्दल फार तक्रार करू नये.